करोन म्हणजे केव्हा

त्यानं एकट्यानं तीन ताटं संपवली, तेव्हाच डुल्सीनं ओळखायला हवं होतं की हा मुलगा पुढे आपल्याला महागात पडणार.

दुपार उलटून गेली होती. विद्यापीठाच्या मागच्या फाटकाला लागून नांग बेरिंगची खानावळ होती. वर पत्रा, खाली लाकडी बाकं, आणि मागे दुमागेते शहराचा समुद्र. गर्दी ओसरली होती. हा मुलगा आत आला, कोपऱ्यातल्या बाकावर बसला आणि छपराकडे बघत राहिला, जणू छपरालाच आधी नमस्कार करायचा होता.

डुल्सी ही नांग बेरिंगची एकुलती एक मुलगी. पूर्ण नाव डुल्सिसिमा, म्हणजे सगळ्यांत गोड. बारशाच्या दिवशी पाद्रीबाबांना काय दिसलं कोण जाणे. त्यानंतर त्या नावाला शोभेलसं एकही वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. सकाळी ती लेखाशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाचे तास करी, दुपारी वाढी, आणि दोन्हीकडे तिची नजर एकच असे. माणूस बाकावर टेकायच्या आत जमा आणि नावे असे त्याचे दोन्ही रकाने तिच्या मनात भरून झालेले असत. या मुलाची जमा बाजू अशी होती: पापण्या लांब, शर्ट इस्त्रीचा. नावे बाजूला तिनं लिहिलं: बावळट.

"काय देऊ?"

"तीन जणांचं... भात, मासा, आणि थोडा रस्सा. करोन, हं."

तो बोलला नव्हे, गायलाच. शब्दाच्या शेवटाला एक झोका देऊन. करोन म्हणजे आत्ता. डुल्सीनं आत्ता म्हणजे आत्ता तीन ताटं त्याच्यापुढं मांडली. तो ताटांकडं बघत राहिला, मग दाराकडं, मग तिच्याकडं. तिच्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं असेल ते असो, त्यानं चमचा उचलला आणि जेवायला लागला. पहिलं ताट झालं. दुसरं झालं. तिसऱ्याच्या निम्म्यावर त्याच्या कपाळावर घाम आला, पण त्यानं माशाचा काटासुद्धा नीट चोखून ठेवला.

तेवढ्यात त्याचे दोन मित्र आले. ताटांची ती रास बघून त्यातल्या एकानं डोक्याला हात लावला. "अगं बाई, तू याला आत्ता वाढलंस? हा डोंगरापलीकडचा, इलोंगो बोलणारा. यांच्यात करोन म्हणजे मग. नंतर. आम्ही आल्यावर."

डुल्सी कमरेवर हात ठेवून त्या मुलासमोर उभी राहिली. "मग बोलला का नाहीस?"

"तू वाढून ठेवलं होतंस," तो म्हणाला. "परत ने कसं म्हणणार... तुला वाईट वाटलं असतं."

"मला कशाला वाईट वाटेल? भात पातेल्यात परत गेला असता."

"मग भाताला वाटलं असतं."

मित्र हसले. डुल्सी हसली नाही. ती आत गेली, पाण्याच्या पिंपापाशी उभी राहिली आणि मग हसली, तेही तोंडावर फडकं धरून. बावळटच्या पुढं तिनं मनात एक टिंब ठेवलं. पुढं काय लिहायचं ते तिला सुचेना.

त्याचं नाव क्रिसांतो विलारुस. बेटाच्या पश्चिमेला, कबंकलानच्या पुढं त्यांचे उसाचे मळे होते, आणि घर असं की त्याच्या जिन्यावर नांग बेरिंगची सबंध खानावळ मावली असती. विद्यापीठात तो आधी शेतकीला होता, मग इतिहासाला, आता संगीताला. विषय त्यानं बदलले नव्हते. ज्या प्राध्यापकांनी वाटेत गाठून "माझ्याकडे ये की" म्हटलं, त्यांच्याकडं तो गेला होता. त्याला नाही म्हणता येत नसे. कुणी रस्त्यात पत्रक दिलं तर तो ते सबंध वाचायचा आणि घडी करून खिशात ठेवायचा. डुल्सीचं नेमकं उलटं. ती आधी नाही म्हणे आणि मग प्रश्न ऐके. आणि एकदा बोललेलं परत बोलणं तिच्या रक्तातच नव्हतं. ऐकू आलं नाही? मग तुझं नशीब.

असा हा जोडा. शहाण्या माणसानं बघूनच वही मिटून टाकावी.

पण तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही आला. एकदा येताना गुळाचं सारण भरलेली, भाजून कुरकुरीत केलेली पियाया आणली. घरून आली होती म्हणे. मग एके दिवशी नांग बेरिंगनं मागच्या दारी वाकून बघितलं तर हा बाह्या दुमडून ताटं घासत होता.

"आई, त्याला काम सांगत जाऊ नकोस."

"मी कुठं सांगते? तो विचारतो. मुलगा मागे लागला की त्यानं पोरीच्या घरचं पाणी भरायचं, हे काय मी काढलंय? तुझ्या बापानं महिनाभर आमच्या घरची लाकडं फोडली."

"आणि मग?"

"मग मी हो म्हणून उत्तर दिलं. मग तो बोटीवर गेला." नांग बेरिंगनं पातेल्यात डाव फिरवला. "लाकडं मात्र सरळ फोडायचा."

क्रिसांतोला ना पाणी भरता येई, ना नारळ खोवता. खोवताना बोटाला लागलं की तो म्हणे, "काही नाही, काही नाही," आणि तेही अशा सुरात की पलीकडच्या बाकावरचे लोक गाणं ऐकायला वळून बघत. डुल्सी त्याच्या हातातली खवणी ओढून घ्यायची. "सोड. नारळाला रक्त लागलं तर रस्सा गुलाबी होईल, आणि लोक म्हणतील नांग बेरिंगनं पाककृती बदलली."

"तू माझ्याशी बोलतेयस की रागावतेयस?"

"माझं बोलणं असंच असतं."

"आमच्याकडं याला भांडण म्हणतात."

"आणि तुमच्याकडं भांडण होतं तेव्हा? पोरं पाळण्यात झोपी जात असतील."

तो खाली मान घालून हसला. मग त्यानं हळूच विचारलं, "तुला माझी बोली शिकवू?... म्हणजे तुला भांडायचं असेल तेव्हा मला निदान बरं वाटेल."

संध्याकाळी समुद्राच्या कठड्यावर, शिरीषाच्या जुन्या झाडाखाली, त्यांचा करार झाला. तिनं त्याच्याशी त्याच्या इलोंगोत बोलायचं, त्यानं तिच्याशी तिच्या बिसायात. समोर सिकिहोरचं बेट निळसर होत होतं, मागे डोंगरावर ढग उतरले होते. शब्द दोन्हीकडं बहुतेक सारखेच, फक्त तिचे टोकदार आणि त्याचे गोलसर. अडचण एकाच शब्दाची होती.

"करोन," तो म्हणाला. "हा शब्द बोललो की तू मला तीन ताटं वाढशील."

"मग खूण करू. अंगठा समुद्राकडं केला, तर माझ्या बाजूचं करोन. आत्ता. डोंगराकडं केला तर तुझ्या बाजूचं. मग केव्हातरी."

त्यानं अंगठा समुद्राकडं केला. "तुझा हात धरू? करोन."

तिनं त्याचा अंगठा पकडून डोंगराकडं फिरवला.

पण सोडला नाही. बराच वेळ त्याचा अंगठा तिच्या मुठीत तसाच राहिला, आणि दोघंही समुद्राकडं असं बघत बसले, जणू तिथं परीक्षेचा निकाल लागणार होता. वाऱ्यानं तिचे केस त्याच्या खांद्यावर येत होते. ते बाजूला करायला त्याला हात मोकळा नव्हता, आणि हात मोकळा करून मागायची त्याची तयारी नव्हती.

महिन्याभरात ती खूण सबंध आवारात पसरली. डुल्सीची मैत्रीण चारिंग वर्गात मागच्या बाकावरून विचारायची, "उत्तर दिलंस का गं त्याला?"

"नाही."

"नाही असं दिलंस, की अजून नाही?"

"अजून नाही."

"मग केव्हा?"

"करोन."

"कुठल्या बाजूचं?" चारिंग अंगठा नाचवायची, आणि सगळा वर्ग डोंगर-समुद्र करत सुटायचा.

हसण्यावारी जायचं ते. पण डुल्सीनं मनात हिशेब पक्का केला होता, आणि तो हसण्यासारखा नव्हता. मुलगा मागे लागतो, मुलगी उत्तर देते. उत्तर दिलं की खेळ संपतो आणि जगणं सुरू होतं. तिच्या आईनं उत्तर दिलं होतं आणि जन्मभर ताटं घासली होती. या मुलाच्या घरी जिन्याला गालिचा होता. त्याची आई कधी इथं आलीच, तर बाकावर रुमाल अंथरून बसली असती. आज ना उद्या ते लोक त्याला हाक मारणार, आणि ज्याला भाताच्या ताटाला नाही म्हणता येत नाही तो आईला काय म्हणणार? तेव्हा जे दिलंच नाही ते बुडणार नाही, असं ती स्वतःला सांगे. रोज सांगावं लागे, म्हणजे हिशेबात कुठंतरी चूक होती. पण चूक शोधायला बसलं की ती वही मिटून टाकायची.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी साखरेला कुणी विचारेना.

पलीकडच्या बाजूला ऊस शेतातच उभा राहिला. कापायला माणसं होती, पण कापून न्यायचा कुठं हे कुणाला ठाऊक नव्हतं. डोंगर ओलांडून येणाऱ्या बसमधून आता ऊसतोडे उतरत, पोटं खपाटीला गेलेले, आणि नांग बेरिंग त्यांना करपलेला भात फुकट वाढायची. क्रिसांतोच्या घरून पियाया येणं थांबलं. त्याचं बोलणं तसंच गोड होतं, पण आता तो वाक्य अर्ध्यावर सोडून समुद्राकडं बघत बसे.

एका संध्याकाळी कठड्यावर त्यानं सांगितलं. तिच्या बिसायात, एकेक शब्द जपून ठेवत.

"बाबांनी सगळ्यांचे कागद केलेत. कॅनडाला. मावशी आहे तिथं. उद्या सकाळच्या बसनं ये म्हणून निरोप आलाय."

"आणि तू काय म्हणालास?" तिनं त्याच्या इलोंगोत विचारलं. त्या बोलीत हा प्रश्न फार हळुवार ऐकू आला. तिला तो तसा विचारायचा नव्हता.

"मी काही म्हणालो नाही. तुला माहीत आहे... मला नाही म्हणता येत नाही. नुसतं नाही म्हणता येत नाही, डुल्सी. पण कारण असलं तर येईल." तो तिच्याकडं वळला. "तू उत्तर दिलंस तर मी त्यांना सांगू शकतो, की मला इथं उत्तर मिळालंय. आमच्याकडं त्याला मान आहे. उत्तर मिळालेल्या मुलाला घरचेसुद्धा ओढून नेत नाहीत. मी इथं राहीन. ताटं घाशीन. तुझी आई म्हणते, हल्ली बरी घासतो."

"आणि उत्तर दिलं नाही तर?"

"तर मला बसमध्ये चढावं लागेल."

लाट येऊन कठड्यावर आपटली आणि दोघांचे पाय भिजले. कुणी पाय वर घेतले नाहीत.

"उद्या सांगते," ती म्हणाली. "बसपाशी."

घरी येऊन ती अंथरुणावर पडली, आणि छताकडं बघता बघता तिला कळलं की उत्तर तर केव्हाच देऊन झालंय. तीन ताटांच्या दिवशीच. आता फक्त उच्चारायचं राहिलं होतं. एवढं सोपं होतं ते, की तिला रडू आलं.

पण हिशेबी माणसाचा हात हिशेबी असतो. पहाटे उठून तिनं नारळाच्या दुधात भात शिजवला, केळीच्या पानात गुंडाळून बुदबुद वळले, वाफेवर ठेवले. तो राहिला तर कठड्यावर बसून दोघं खातील. आणि गेलाच... तर वाटेत उपयोगी पडतील. दोन्ही बाजूंची तरतूद. तिच्याजागी दुसरी कुणी असती तर रिकाम्या हातांनी धावत गेली असती. डुल्सी गरम पुडकं दोन्ही हातांत धरून, न सांडता, चालत गेली.

बस सुरू होती. टपावर गोणी आणि कोंबड्यांच्या पाट्या बांधल्या होत्या. क्रिसांतो पायरीपाशी उभा होता, बॅग खाली जमिनीवर ठेवून. ती बॅग बघून तिचा जीव भांड्यात पडला. टपावर चढवली नव्हती अजून.

"आलीस," तो म्हणाला.

"आले."

"आतापर्यंत मी विचारायचं टाळत होतो," तो तिच्या बोलीत म्हणाला. सुराला झोका नव्हता आज. "पण आता... उत्तर केव्हा देशील, डुल्सी?"

वर्षभर ती त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलत आली होती. बाजारात, पावसात, भांडताना. पण काही शब्द शिकलेल्या जिभेवरून येत नाहीत. ते पोटातून येतात, आणि पोटाला आईचीच बोली येते.

"करोन," ती म्हणाली.

तो तिच्या हातांकडं बघू लागला.

पुडकं गरम होतं, दोन्ही तळवे त्याच्याखाली होते, अंगठे पानाच्या घडीत अडकलेले. तो बघत राहिला, आणि तिला वाटलं की हा पुडक्याकडं बघतोय. भुकेला असेल. रात्रभर झोपला नसेल, जेवला नसेल. तिनं पुडकं पुढं केलं.

"घे."

त्यानं घेतलं. वाटेतल्या जेवणाचं पुडकं त्यानं दोन्ही हातांत धरलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं, तिसऱ्या ताटाच्या वेळचं. "बरं," तो म्हणाला. "बरं... काळजी घे हं, डुल्सी." मग वाकून त्यानं बॅग उचलली आणि तो बसमध्ये चढला.

कंडक्टरनं पत्र्यावर थाप मारली.

ती उभी राहिली. थांब म्हणायला किती लागतं? एक शब्द. पण तिच्या मते तिनं आपला शब्द आत्ताच उच्चारला होता, आणि एकदा बोललेलं परत बोलणं तिच्या रक्तात नव्हतं. बस हलली. खिडकीतून तो मागे बघत होता. तिच्या चेहऱ्याकडं नव्हे, खाली, हातांकडं. आता ते मोकळे होते. पण तिनं ते छातीशी घट्ट बांधून घेतले होते, अंगठे काखेत दडपून, कारण नाहीतर ते आपणहून बसकडं पसरले असते आणि ते त्याला दिसावं अशी तिची इच्छा नव्हती.

तिनं होकार दिला, आणि तो होकार बुदबुदाच्या पुडक्यासकट घेऊन गेला. तिच्या वहीत तरी तसंच उतरलं.

चारिंगनं एकदाच विचारलं, "पत्र का लिहीत नाहीस?"

"जे द्यायचं होतं ते दिलंय. पोच यायला नको का?"

पोच आली नाही. डुल्सी तास करत होती, वाढत होती, बोलतही होती. फक्त तिचं बोलणं आता टोकदारही राहिलं नव्हतं. गिऱ्हाइकांनी घासाघीस केली तर ती गप्प मान हलवायची. नांग बेरिंग तिच्याकडं बघायची आणि पातेलं ढवळायची. एकदा म्हणाली, "तो निदान लाकडं फोडून गेला होता. हा तर नारळसुद्धा अर्धाच खोवून गेला." डुल्सी उठून मागच्या दारी गेली. अर्धी करवंटी अजून तिथंच होती. वाळून काळी पडलेली.

सुकी मासळी विकणारा एक म्हातारा फेरीवाला एका दुपारी खानावळीत आला. टोपली उतरवून त्यानं वारा घेतला. डुल्सी ताट घेऊन गेली.

"ठेव गं इंदाय," पोरीला हाक मारावी तसं म्हातारा गात म्हणाला. "करोन."

तिच्या हातानं शेजारची थाळी उचलली आणि ताटावर झाकली.

तिनं काही विचारही केला नव्हता. हात आपणहून गेला होता. म्हातारा पलीकडचा, करोन म्हणजे मग, तोवर माश्या बसू नयेत. वर्षभरात हात तेवढं शिकला होता. ती त्या झाकलेल्या थाळीकडं बघत राहिली. आत वाफ कोंडत होती, थाळीच्या कडेला पाण्याचे थेंब धरत होते. आणि तिला बसची पायरी दिसली. त्याचे डोळे दिसले, तिच्या हातांवर टेकलेले. तो पुडक्याकडं बघत नव्हता. तो अंगठा शोधत होता.

"काय झालं गं?" नांग बेरिंगनं आतून विचारलं.

"आई," डुल्सी म्हणाली, "मी त्याला 'नंतर' म्हणाले."

"काय?"

"मी 'आत्ता' म्हणाले. पण मी त्याच्याशी नेहमी त्याच्या बोलीत बोलते. त्याला 'नंतर' असं ऐकू आलं. आणि मी त्याच्या हातात वाटेची शिदोरी दिली." तिनं आपले दोन्ही अंगठे असे समोर धरले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "त्यानं परत विचारलं नाही, आई. तो कधीच परत विचारत नाही. तीन ताटं गिळली, पण विचारलं नाही."

नांग बेरिंगनं डाव खाली ठेवला. "जा," एवढंच ती म्हणाली. "सकाळची बस धर."

डोंगर ओलांडायला सबंध दिवस जातो. पलीकडं उतरल्यावर दोन्ही बाजूंना ऊस लागला, न कापलेला, तुरे फुटून पांढरा पडलेला, वाऱ्यावर मैलोगणती हलणारा. बसमध्ये सगळे गात बोलत होते. कुणीतरी कुणालातरी शिव्या देत होतं, आणि तेही अंगाईसारखं ऐकू येत होतं. डुल्सी रिकाम्या हातांनी बसली होती. या खेपेला तिनं काहीच बांधून आणलं नव्हतं.

घर त्यानं सांगितलं होतं तसंच होतं. जिना रुंद, पण गालिचा नव्हता. खिडक्यांच्या झडपा लावलेल्या. पायरीशी एक म्हातारी उभी होती, एका काखेत कोंबडी, दुसऱ्या हातात दाण्यांची परात. घर सांभाळायला मागे ठेवलेली, तिया मोनिंग.

"कोण गं तू, इंदाय?"

"दुमागेतेहून आले. क्रिसांतो..."

"अगं, गेले की सगळे. परवाच. बाकोलोदच्या धक्क्यावरून." म्हातारीनं तिच्याकडं नीट बघितलं, आणि तिचा सूर आणखी मऊ झाला. "तूच का गं ती? तो इथं बसायचा. याच पायरीवर. वरच्या रस्त्यानं बस जायची ना, ती थांबते का बघायचा. आणि अंगठा असा करायचा... मग असा. त्याची आई चिडायची. फुकट गाडी मागणाऱ्यासारखं काय ते, म्हणायची. निघायच्या आदल्या संध्याकाळी बसल्याजागी एकदम उठला बघ. 'तिचे हात भरलेले होते,' म्हणाला. मला काही कळलं नाही. बॅग घेऊन फाटकापर्यंत गेलासुद्धा."

डुल्सी एक पायरी वर चढली. "मग?"

"मग आईनं हाक मारली. म्हणाली, बाळा, बाबांना बरं नाही, आता कुठं निघालास, ये, बस. तर आला, आणि बसला." तिया मोनिंगनं कोंबडी काखेत सावरली. "फार गुणी पोर. कधी कुणाला नाही म्हणाला नाही."

वाऱ्यानं उसाचे तुरे एका बाजूला झुकले आणि परत उभे राहिले.

"परत केव्हा येईल?" डुल्सीनं विचारलं.

"करोन, इंदाय," म्हातारी मायेनं म्हणाली. "करोन."

सवयीनं डुल्सीची नजर तिच्या हातांकडं गेली. कोंबडी आणि परात. दोन्ही हात भरलेले.

मग तिनं स्वतःचा अंगठा वर केला. कुठं वळवावा हे तिला क्षणभर कळेना, कारण इथं सगळं उलटं होतं. समुद्र मावळतीला, म्हणजे त्याच्या बाजूला, जिकडं बोट गेली. आणि डोंगर उगवतीला, ज्याच्या पलीकडं तिचं घर, तिची बोली. तिनं अंगठा डोंगराकडं वळवला आणि तसाच धरून ठेवला.

तिया मोनिंगनं मान वळवून तिकडं बघितलं. तिकडं काहीच नव्हतं, फक्त संध्याकाळचे ढग डोंगरावर उतरत होते.

"तिकडं काय आहे गं?"

"आमची बाजू," डुल्सी म्हणाली. "तिकडं करोन म्हणजे आत्ता."

म्हातारीनं परात पायरीवर ठेवली, मोकळ्या झालेल्या हातानं तिचा अंगठा हलकेच मुठीत घेतला आणि खाली केला.

"आता कुठलं आत्ता, इंदाय," ती म्हणाली, आणि ते एखाद्या अंगाईसारखं ऐकू आलं.